मागच्या भिंतीची हजेरी

चि. ओवी आणि चि. चिनू,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या आईने सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. ओवी, तू वर्गात बसलेली असताना तुझी गैरहजेरी लागली. शाळेतून आईला मेसेज गेला की तुमची मुलगी आज आलेली नाही. नाव पुकारल्यावर तू बोलली होतीस, पण इतकं हळू की शेजारच्या मुलालाही कळलं नाही. आईने कारण विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "माझे उच्चार ऐकून वर्गातली मुलं हसतात." त्यावर चिनूने तोडगा काढला की नुसता हात वर करत जा.

नुसता हात वर करू नकोस. का, ते सांगायचं तर मला एका बाईंबद्दल लिहायला हवं. ओवीने त्यांना पाहिलेलं नाही. चिनूला त्यांनी एकदा मांडीवर घेतलं होतं. त्या प्रेमाने "काय रे?" म्हणाल्या आणि तो दचकून रडायला लागला. तो तेव्हा इतका लहान होता की त्याला आठवत नसेल.

आमची शाळा अंबरनाथला, आनंदनगरच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी तिथे इंग्रजी शिकवत होते. मैदानाच्या टोकाला उंच भिंत आणि भिंतीपलीकडे कारखाना. त्याचा कॉम्प्रेसर दिवसभर घरघरत असे. नव्या शिक्षकांना पहिले काही दिवस त्याचा त्रास होई, मग त्यांना तो ऐकू येईनासा होई. ऐकू येत नसला तरी आमचे आवाज त्याच्यावर चढलेलेच असत. माणूस गोंगाटात आपोआप मोठ्याने बोलतो आणि ते त्याला कळत नाही. कॉम्प्रेसर मध्येच बंद पडला की सगळी शाळा क्षणभर ओरडत राही आणि मग खजील होऊन गप्प होई. अशाच एका क्षणी शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांचं "अगं बये, हातचा कुठे पुरलास?" आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

कॉम्प्रेसर चालू असो वा बंद, एकाच आवाजात बोलणारी व्यक्ती शाळेत एकच होती. त्या विज्ञान शिकवत. अंगाने किरकोळ, माझ्या खांद्याला लागतील इतक्या उंचीच्या. साडीखाली कायम कॅनव्हासचे बूट. मोठा आवाज मोठ्या देहातून येतो असं समजणारे पालक त्यांना पहिल्यांदा भेटले की बोलणारी बाई दुसरीच कुणी आहे का, म्हणून मागे पाहत. मुली त्यांना भोंगा बाई म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं. "भोंगा झाला की कामगार तरी वेळेवर येतात," त्या उशिरा आलेल्या मुलींना म्हणत, "तुमचं काय?"

त्या उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायच्या. खाली सिंधी मालकाचा जीन्स शिवायचा कारखाना, वर यांच्या दोन खोल्या. शिलाई मशीनच्या खडखडाटात त्यांचं लहानपण गेलं. "आमच्या घरी मीठ मागायचं तरी भाषण करावं लागायचं," असं त्या सांगत. मालकाकडून उचललेलं "साईं" त्यांच्या तोंडात बसलं होतं. शिपाईमामांपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे त्यांचे साईं.

कुजबुजणं त्यांना जमतच नसे. परीक्षेच्या वर्गावर त्यांना पाठवणं बंद झालं होतं, कारण त्यांनी "दहा मिनिटं राहिली" म्हटलं की दोन-चार कंपासपेट्या खाली पडत. त्यांच्या कानात कुणी गुपित सांगत नसे. कुणाच्या घरी समाचाराला गेल्या की हलक्या आवाजात "कसं झालं हो?" विचारत आणि गल्लीच्या टोकावरून कुणीतरी उत्तर देई. हळू बोलणारी सगळी माणसं भित्री असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. ते चुकीचं होतं. तुमचे आजोबा जन्मभर हळू बोलत आले आहेत आणि त्यांच्याइतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हट्टी असतील. पण तुम्ही शेजारी बसता म्हणून तुम्हाला कळतं. बाकीच्यांनी काय करायचं?"

आमच्या संस्थेचे सेक्रेटरी माइकचे भक्त होते. शाळेची साउंड सिस्टिम त्यांनी स्वतः निवडून आणली होती. पंधरा माणसांच्या सभेतही ते आधी माइकवर टिचकी मारत, "हॅलो, हॅलो" करत आणि मगच नमस्कार करत. एका स्नेहसंमेलनात त्यांनी बाईंच्या पुढ्यात माइक सरकवला. बाईंनी तो उचलून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाल्या, "राहू द्या साईं, आवाज मी घरून आणलाय." मुली हसल्या. सेक्रेटरी हसले नाहीत. माझ्या मते पुढच्या सगळ्याची सुरुवात तिथे झाली.

आता माझ्याबद्दल. निवृत्तीला काही वर्षं राहिली असताना माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉईडची गाठ होती, ती निघाली, पण स्वरयंत्रातला एक पडदा सुस्तावला. डॉक्टर म्हणाले, काही दिवस आवाजाला विश्रांती द्या, मग बोलायला लागा, दुसरा पडदा सवयीने काम उचलेल. मी विश्रांती म्हणून कुजबुजायला लागले आणि कुजबुजतच राहिले. घरी आजोबांना बोलवायला वाटीवर चमचा वाजवायचा. शाळेत सगळं फळ्यावर लिहायचं. मागच्या बाकांवर गोंधळ सुरू झाला. ज्या वर्गात माझ्यासमोर टाचणी पडली तरी ऐकू यायची, तिथे आता माझ्याखेरीज सगळं ऐकू येत होतं.

सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, हेही लिहून ठेवते. त्यांनी कॉलरला लावायचा छोटा माइक मागवला होता. "मॅडम, हा लावून बघा. नाही जमलं तर ऑफिसात बसा. वेळापत्रक, परीक्षा, तुमच्याइतकं नीट कोण करणार? महिनाअखेर मी वर्गावर येऊन बसतो आणि ठरवतो."

मी तो लावून पाहिला. त्यातून माझी कुजबुज मोठी होऊन बाहेर येई, भिंतीतून एखादी पाल बोलावी तशी. मुलींना हसू आवरेना. मला त्यांचा राग आला नाही, कारण माझ्याही अंगावर शहारा आला होता. पण ऑफिसात बसायचं नव्हतं. मी शिक्षिका होते. वर्ग गेला असता तर मी नेमकी काय उरले असते, हे मला कळत नव्हतं.

भोंगा बाईंनी स्टाफरूममध्ये माझी कुजबुज ऐकली. "हे काय चाललंय?"

"विश्रांती," मी कुजबुजले.

"कसली विश्रांती? कुजबुजताना गळा आवळला जातो, बाई. वर वारा नुसता वाया. उद्या मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत या. आणि ती तुमची जाडी डिक्शनरी आणा."

मला वाटलं, शब्द वाचून घेतील. त्यांनी मला प्रयोगशाळेच्या टेबलावर आडवं व्हायला लावलं आणि डिक्शनरी माझ्या पोटावर ठेवली. माझ्या साडीच्या निऱ्या मी तीस वर्षं एकाच पद्धतीने घालत आले होते. त्या तशाच ठेवून, छताकडे बघत, पोटावर इंग्रजी भाषा घेऊन मी पडून राहिले. श्वास घेताना पुस्तक वर गेलं पाहिजे, बोलताना सावकाश खाली आलं पाहिजे, एवढंच काम. इतक्यात शिपाईमामा चहा घेऊन आले, दारात थांबले, आणि दोन्ही कप बाहेरच्या कठड्यावर ठेवून निघून गेले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या शाळेने माझ्या तब्येतीची चौकशी केली.

मग त्यांनी मेणबत्ती पेटवून माझ्या तोंडासमोर धरली. "कुजबुजा." ज्योत विझली. पुन्हा पेटवली आणि स्वतःच्या तोंडासमोर धरून खणखणीत "आ" लावला. बाटल्या थरथरल्या, ज्योत जेमतेम हलली. "पाहिलंत? मोठा आवाज म्हणजे जास्त वारा नव्हे. गळ्यात दोन पडदे असतात. ते नीट मिटले की खाली हवा दाटते. दाटली की त्यांना ढकलून फट पाडते, ते लगेच फटकन मिटतात, पुन्हा उघडतात. जितके जोरात मिटतील तितका आवाज मोठा. जोर खालून द्यायचा, पोटाकडून. गळ्याने मध्ये लुडबुड करायची नाही. आणि तोंड उघडायचं, कर्ण्यासारखं. तुम्ही इंग्रजीवाल्या ओठ मिटून बोलता, मग कर्णा कुठून येणार?"

"माझा एक पडदा मिटत नाही," मी म्हणाले.

"मग दुसऱ्याला थोडं पुढे यायला लागेल. घरात एक आजारी पडला की दुसरा उठतोच ना?"

त्यांची नियमावली लांबलचक होती. खाकरायचं नाही, कारण तेव्हा पडदे एकमेकांवर आपटतात. खांदे वर घ्यायचे नाहीत. हनुवटी पुढे काढायची नाही. ज्येष्ठमध खुशाल चघळा, पण त्याने आवाज मोठा होईल अशी आशा नको, पाणी प्या. आणि ओरडायचं तर मुळीच नाही. ओरडणं आणि मोठ्याने बोलणं यातला फरक मला शिवमंदिराच्या जत्रेत कळला. मी त्यांच्याबरोबर गेले होते. गर्दीत एका आईची मुलगी हरवली होती. ती आई जीव तोडून ओरडत होती, नातेवाईक ओरडत होते, लाउडस्पीकर त्या सगळ्यांवर ओरडत होता. भोंगा बाई जत्रेत वाजणाऱ्या ढोलाकडे लक्ष देऊन उभ्या राहिल्या. मग दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत त्यांनी मुलीचं नाव एकदाच घेतलं, लांबवून, पट्टी न चढवता. उसाच्या गुऱ्हाळापाशी एक फ्रॉक वळला.

त्यांची वर्गातली खासियत म्हणजे हजेरी. आपल्याकडच्या मुली हजेरी कशी देतात ठाऊक आहे? वहीत तोंड खुपसून, "हज" म्हणतात आणि "र" गिळून टाकतात. बाई आपल्या वर्गाला मैदानात नेत आणि कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभं करत. स्वतः शाळेच्या पायरीवर. मध्ये अख्खं मैदान आणि कॉम्प्रेसर. "हजर" पायरीपर्यंत आलं तरच हजेरी. सुरुवातीला मुली किंचाळत. किंचाळलेलं त्या धरत नसत. "घाबरलीस होय? पुन्हा." हळूहळू किंचाळी खाली उतरे आणि आवाज पुढे येई. जांभूळ गावची एक मुलगी होती, वर्षभर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. दिवाळीनंतर तिचा "हजर" थेट मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये ऐकू यायला लागला.

मलाही त्यांनी रांगेत उभं केलं. मुलींच्या शेवटी, साडी सावरून. माझं नाव पुकारलं जाई, मी "हजर" म्हणे आणि पायरीवरून उत्तर येई, "गैरहजर!" मुली खाली बघून हसत. रोज माझी गैरहजेरी लागत होती.

मग तक्रारी सुरू झाल्या. जांभूळच्या त्या मुलीचे वडील शेतावरून थेट आले होते, पँटवर चिखल होता.

"बाई, पोर आता घरानबी अशी बोलते, चार घरांना आयकाला जातंय. तिचा लग्नाचा बघाचा हाय."

"तुम्ही बैलाला हाक मारता ती किती घरांना ऐकू जाते, साईं?"

"सगल्या गावाला."

"तुमचं लग्न झालं ना?"

तो माणूस हसत परत गेला. पण हसणारे सगळेच नव्हते. कुणी म्हणालं, मुली मोठ्यांना उलटून बोलायला लागल्या. कुणी म्हणालं, मैदानात उभं करणं ही शिक्षा आहे. सेक्रेटरींना निमित्त हवंच होतं. त्यांनी माइकवरून, सगळ्या शिक्षकांसमोर, हुकूम जाहीर केला. यापुढे हजेरीसाठी कोणत्याही वर्गाला मैदानात नेऊ नये. मुली वर्गातच बसतील.

स्टाफरूममध्ये मी कुजबुजत म्हणाले, "आता?" माझी परीक्षा पुढच्या आठवड्यावर आली होती आणि माझा आवाज अजून अर्ध्या मैदानातच पडत होता.

"काय म्हणाले ते? मुलींना नेऊ नये," बाई म्हणाल्या. "मला कुणी थांबवलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली वर्गात बसल्या, हुकुमाप्रमाणे. बाई एकट्याच मैदान ओलांडून गेल्या आणि कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी पहिलं नाव घेतलं. पहिल्या मजल्याच्या खिडक्या उघड्या होत्या. मुली एकेक करून खिडकीशी आल्या आणि वरून "हजर" सोडायला लागल्या. दुसऱ्या वर्गांतल्या मुली डोकवायला लागल्या. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. मुख्याध्यापिका केबिनमधून बाहेर आल्या, खिडक्यांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मुली तर वर्गातच आहेत," आणि आत गेल्या.

शेवटी माझं नाव आलं. मी खिडकीत उभी होते. जांभूळची मुलगी माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, खाली बघू नका. बाईंच्या मागच्या भिंतीशी बोला. मी तसंच करते." मी खांदे सोडले, पोटात श्वास घेतला, डिक्शनरी आठवली, तोंड उघडलं. बाहेर आलेला आवाज पूर्वीचा नव्हता. जाडसर, थोडा चिरलेला, पण आवाज होता. मैदानापलीकडे बाईंनी डोक्यावरून दोन्ही हात वर केले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की हात वर करणं आपल्यात बसत नाही, कारण लगेच तिथून आलं, "पोचलं!"

महिनाअखेर सेक्रेटरी वर्गावर आले. शेवटच्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये बसले. माझ्या टेबलावर कॉलरचा माइक ठेवलेला होता. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद केला.

"लावा की, मॅडम," ते म्हणाले.

"मागे ऐकू नाही आलं तर सांगा," मी म्हणाले.

"काय?"

मुली खुदकन हसल्या. मी श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीला सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी धडा सुरू केला. कॉम्प्रेसर घरघरत होता. मध्येच आवाज चिरके, मी थांबे, पाण्याचा घोट घेई, खाकरत नसे, पुन्हा सुरू करी. अर्धा धडा झाला आणि कॉम्प्रेसर बंद पडला. नेहमीप्रमाणे आजूबाजूचे सगळे वर्ग क्षणभर ओरडत राहिले आणि चपापून थांबले. माझा आवाज तसाच चालू होता. चढलेला नव्हता, म्हणून त्याला उतरावंही लागलं नाही. त्या शांततेत मी तो स्वतःच पहिल्यांदा नीट ऐकला. आणि खिडकीतून, भिंतीकडून, सबंध आवाराला ऐकू जाईल असा दुसराही एक आवाज आला, "पोचतंय, बाई!"

सेक्रेटरींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाई मैदानाच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांचा त्या वेळी दहावीच्या वर्गावर तास होता.

सेक्रेटरी उठले. म्हणाले, "ऐकू येतंय, मॅडम. वर्ग तुमच्याकडे राहू द्या." मग दारात थांबून म्हणाले, "त्यांना मात्र मेमो मिळेल."

मेमो मिळाला. बाईंनी तो स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला, म्हणजे वाचून दाखवला एवढंच. मोठ्याने हे सांगायची गरज नाही. त्यांनी त्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हुकूम कुणी मागे घेतला नाही आणि त्यांनी तो कधी मोडला नाही. त्या निवृत्त होईपर्यंत मुली वर्गात होत्या आणि बाई मैदानात.

त्यानंतर त्या उल्हासनगरलाच राहिल्या. फोनवर बोलायच्या तेव्हा मी फोन टेबलावर ठेवून भाजी निवडायची. गेल्या वर्षी त्या गेल्या. शाळेने शोकसभा ठेवली होती. सगळे आदराने इतकं हळू बोलले की मागच्या रांगांना एक शब्द कळला नाही. बाईंनी त्या सगळ्यांची गैरहजेरी लावली असती. माझी पाळी आली तेव्हा मी मागच्या भिंतीशी बोलले. तिथे, भिंतीला टेकून, जांभूळची ती मुलगी उभी होती, आता स्वतः शिक्षिका झालेली. तिने हात वर केला नाही. म्हणाली, "पोचतंय, मॅडम." सगळ्या माना वळल्या.

ओवी, तू ज्या वर्गात बसतेस तिथेही मागे भिंत असणार. हसणारी मुलं तुझ्या आणि भिंतीच्या मध्ये बसलेली असतात, म्हणून त्यांच्याशी बोलायचं नाही. पोटात श्वास घे, खांदे सोड, तोंड उघड आणि भिंतीला सांग. बोलणं तुझं आहे तसंच राहू दे, आपल्याकडच्या वळणाचं. पहिल्या दिवशी जास्त हसतील. त्यानंतरचं मला सांग, चमचा न वाजवता.

कारखाना बंद झाला. कॉम्प्रेसर गेला. मैदानाची भिंत पाडून तिथे बसगाड्या उभ्या करतात. हजेरी आता मोबाईलवर घेतात, नावं कुणी पुकारत नाही. माझा एक पडदा अजून मिटत नाही. दुसरा रोज उठतो, आणि मी स्वयंपाकघरातून हाक मारली की आजोबा गच्चीवरून खाली येतात.

— आजी